गोळीत दवा किती? रंग, प्रकाश आणि तराजूची गोष्ट

अम्मी गेली कित्येक वर्षे रक्तदाबाची गोळी घेते. मागच्या वर्षी मी नेहमीच्या पाकिटाऐवजी त्याच औषधाचे स्वस्तातले दुसरे पाकीट आणले. तिने गोळी तळहातावर घेतली, चष्मा वर सरकवून उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, "इसमें दवा है, की नुसता खडू?"

मी हसलो. पाकिटावर छापलेले वाचून दाखवले. ती म्हणाली, "वो तो बेचनेवालेने लिखा है ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तांदूळ आपण दाताखाली धरून पाहतो, कापड चिमटीत धरतो, वांगे दाबून बघतो. औषधाचे तसे नसते. एक पांढरी गोळी दुसऱ्या पांढऱ्या गोळीसारखीच दिसते. आजारी माणूस ती दुसऱ्याच्या भरवशावर गिळतो. म्हणजे औषध ही सौद्याची वस्तू असली तरी खरे तर ती अमानत आहे. मग या अमानतीत खयानत झाली की नाही, हे पाहणारा साक्षीदार कोण? मी भाषेचा शिक्षक, विज्ञानाचा नाही. पण अम्मीच्या प्रश्नाचा माग काढत गेलो आणि एक मोठा इतिहास हाती लागला.

अत्तार आणि मुहतसिब

आपल्याकडे अत्तार हे आडनाव ओळखीचे आहे. आज अत्तार म्हटले की सुगंधाची कुपी आठवते. जुन्या अरबी-फारसी जगात मात्र अत्तार सुगंधी द्रव्यांबरोबर औषधी मुळ्या, साली, बिया आणि डिंकही विकायचा. दूरदेशाहून आलेला माल, गिऱ्हाईक आजारी, पारख कोणालाच नाही. लबाडीला जागा पुष्कळ. म्हणून बाजारावर नजर ठेवणारा एक अधिकारी नेमलेला असे, मुहतसिब.

उर्दू गझल शिकवताना हा मुहतसिब वारंवार भेटतो. शायरांनी त्याला दारूची सुरई फोडणारा रुक्ष माणूस म्हणूनच बदनाम केले आहे. पण बाजारातले त्याचे रोजचे काम वेगळे होते. वजने तपासणे, मापे तपासणे, हलवाई, खाटीक, अत्तार यांच्या मालात भेसळ आहे का ते पाहणे. १२व्या शतकातल्या शैझरी यांनी या अधिकाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात औषधी मालात कोण काय मिसळते आणि ते कसे ओळखायचे याची यादीच दिली आहे. अफूसारखा पदार्थ पाण्यात विरघळवून त्याचा वास घ्यायचा, अशा त्या कसोट्या आहेत. १२६० साली कैरोतल्या अबुल मुना कोहीन अत्तार या ज्यू औषधविक्रेत्याने आपल्या मुलासाठी ‘मिन्हाज अद-दुक्कान’ हा ग्रंथ लिहिला. दुकान कसे चालवावे, औषधे कशी बनवावी, कशी टिकवावी आणि कशी पारखावी, हे त्यात आहे.

या कसोट्यांची साधने म्हणजे नाक, जीभ, डोळा आणि बोटे. त्यांनी माल अस्सल की नकली एवढे कळे. ‘किती’ हा प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेर होता.

‘किती’चा विचार त्याआधीच एका माणसाने केला होता. ९व्या शतकात बगदादमध्ये काम करणारे अल-किंदी. त्या काळी औषधांचे उष्ण, थंड, कोरडे, ओले असे गुण मानत आणि प्रत्येक गुणाच्या चार पायऱ्या मानत. किंदी यांनी या पायऱ्यांना गणित लावले. त्यांचे म्हणणे असे: पहिल्या पायरीच्या उष्ण औषधात थंडीच्या दुप्पट उष्णता असते, दुसऱ्या पायरीत चौपट, तिसऱ्यात आठपट, चौथ्यात सोळापट. पायरी एकेकाने चढते, पण गुण दुपटीने वाढतो. पुढे हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या वैद्यांनी अभ्यासला. इब्न रुश्द यांनी मात्र या गणितावर कडक टीका केली.

ही दोन, चार, आठ, सोळाची माळ लक्षात ठेवा. ती पुन्हा भेटणार आहे.

सरबताचा पेला

रमजानमध्ये आमच्या घरी इफ्तारला रूह अफजाचे सरबत असते. जगभर पाणी घालून मी ते पातळ केले की धाकटी मुलगी जग उजेडासमोर धरून म्हणते, "अब्बा, आज फिक्कं झालंय." तिने चव घेतलेली नसते. उपास सुटायचा असतो. केवळ रंगावरून ती सांगते की सरबत कमी पडले. जास्त सरबत, गडद रंग, पलीकडून कमी उजेड. औषध मोजण्याच्या ज्या पद्धतीविषयी मी लिहितो आहे, तिचे मूळ या एका वाक्यात आहे.

पण कमी उजेड म्हणजे नेमका किती कमी? फ्रान्सच्या पिएर बूगे यांनी १७२९ साली प्रकाशावरचे आपले पुस्तक छापले, त्यात याचे उत्तर आहे. समजा, रंगीत काचेच्या एका तुकड्यातून निम्मा उजेड पार होतो. तसाच दुसरा तुकडा त्याला लावला तर उजेड संपणार नाही. उरलेल्या निम्म्याचा निम्मा पार होईल, म्हणजे पाव. तिसऱ्यानंतर एक अष्टमांश, चौथ्यानंतर एक सोळांश. तुकडे एकेकाने वाढतात, उजेड दर वेळी निम्मा होतो. योहान लांबेर्ट यांनी १७६० साली हाच नियम गणिताच्या भाषेत नीट मांडला. १८५२ साली जर्मनीच्या ऑगस्ट बेअर यांनी रंगीत द्रवांतून लाल प्रकाश सोडून पाहिला आणि दाखवून दिले की थर जाड करण्याने जे होते, तेच द्रावण घट्ट करण्यानेही होते. म्हणजे एकाच मापाच्या पेल्यांतून किती प्रकाश गिळला गेला ते मोजा, आत किती पदार्थ विरघळला आहे ते कळेल.

दोन, चार, आठ, सोळा. किंदींची माळच जणू उलटी फिरवली आहे. इथे आमच्या काही मित्रांना मोह होईल. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असे संदेश रोज येतात: ‘हे तर आपल्या पूर्वजांनी हजार वर्षांपूर्वीच शोधले होते.’ तसे नाही. किंदींचे गणित प्रकाशाविषयी नव्हते, आणि बूगे यांनी ते किंदींकडून घेतले असे म्हणायला काही आधार नाही. किंदींची बुद्धी मोठीच होती. पण ज्या ‘उष्णते’चे गणित त्यांनी मांडले, ती मोजण्याचे साधन कोणापाशी नव्हते आणि ती कल्पनाच पुढे टिकली नाही. बूगे आणि बेअर यांच्यासमोर प्रकाश होता. तो खरोखर मोजता येत होता, आणि दुसऱ्या कोणालाही पुन्हा मोजून पाहता येत होता. गणित हुशार माणसाला एकट्याला सुचू शकते. त्याची शहादत द्यायला मात्र साधन लागते.

ही साधने १९व्या शतकात आली. पॅरिसचे ज्यूल ड्यूबॉस्क यांच्या यंत्रात दोन पेले शेजारी शेजारी असत. एकात ठाऊक असलेले द्रावण, दुसऱ्यात तपासायचे. काचेचे दांडे खालीवर करून दोन्ही रंग सारखे दिसेपर्यंत थर कमीजास्त करायचा आणि थराच्या उंचीवरून हिशेब काढायचा. इंग्लंडमध्ये जोसेफ लव्हिबाँड यांनी १८८५च्या सुमारास रंगीत काचांच्या पट्ट्यांचे मापन यंत्र विकायला काढले. ते मूळचे बिअर गाळणारे. बिअरचा रंग रोज सारखा यावा, ही त्यांची अडचण होती. माणसाच्या गरजेने शोध कुठे लागेल आणि कोणाच्या कामी येईल, सांगता येत नाही.

लाल रंग, बेरंग औषध

या साऱ्याचा औषधाशी जो संबंध आला, त्याची सर्वांत चांगली गोष्ट सल्फा औषधांची आहे.

जर्मनीत गेरहार्ड डोमाक हे कापड रंगवायच्या रंगांच्या जातकुळीतली रसायने जंतूंवर तपासत होते. १९३२ साली एका लालभडक रसायनाने उंदरांना जीवघेण्या जंतूंपासून वाचवले. हेच प्रोंटोसिल. १९३५ साली ते जाहीर झाले. बाळंतरोगाने, साध्या जखमेच्या विषाने माणसे मरण्याचा तो काळ. पेनिसिलिन अजून बाजारात यायचे होते. पण प्रोंटोसिलचे एक कोडे होते. परीक्षानळीत ते जंतूंना काहीच करत नसे. शरीरात गेल्यावरच गुण येई. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ट्रेफुएल पती-पत्नी, नित्ती आणि बोवे यांनी कोडे सोडवले. शरीरात या लाल रेणूचे तुकडे होतात. त्यातला सल्फानिलामाइड नावाचा तुकडा जंतूंशी लढतो, आणि तो पूर्ण बेरंग आहे. रंग हा नुसताच पोशाख होता.

सल्फानिलामाइड १९०८ सालीच कोणीतरी बनवून ठेवलेले होते, त्यामुळे ते बनवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. बघता बघता अनेक कारखाने ते काढू लागले. १९३७ साली अमेरिकेतल्या मॅसेन्गिल कंपनीने ते लहान मुलांना घेता यावे म्हणून पातळ औषध बनवले. सल्फानिलामाइड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यांनी डायएथिलीन ग्लायकॉल हा द्रव वापरला. रासबेरीचा स्वाद घातला. कंपनीने औषधाचा स्वाद, रंग आणि वास तपासला. तो द्रव विषारी आहे का, हे तपासले नाही. शंभरहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, त्यांत लहान मुले बरीच होती.

या औषधाचे नाव होते ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’. एलिक्झिर हा शब्द आपलाच, अरबीतला ‘अल-इक्सीर’. मराठीत आपण अक्सीर इलाज म्हणतो तोच. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात औषध विषारी आहे एवढ्या कारणाने ते बाजारातून उचलता येत नव्हते. अधिकाऱ्यांनी पकडले ते या शब्दाला. एलिक्झिर म्हटले की त्यात मद्यार्क हवा, यात तो नाही, म्हणून नाव खोटे. बाटलीवर नुसते ‘द्रावण’ लिहिले असते तर कायद्याला हातच घालता आला नसता. भाषेच्या शिक्षकाला हे वाचून अंगावर काटा येतो. एका शब्दाच्या अर्थावर उरलेल्या बाटल्या जप्त झाल्या. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, विक्रीआधी औषध सुरक्षित असल्याचे दाखवलेच पाहिजे असा कायदा अमेरिकेत झाला.

त्याच काळात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ई. के. मार्शल दुसऱ्या प्रश्नाशी झगडत होते. रोग्याला सल्फानिलामाइड दिले, तर त्याच्या रक्तात ते किती पोहोचते? कमी पडले तर जंतू मरत नाहीत, जास्त झाले तर रोग्याला अपाय. आणि औषध तर बेरंग. बेरंग द्रवातून डोळ्यांना दिसणारा उजेड सरळ पार होतो, मोजणार काय?

मार्शल यांनी औषधाला पुन्हा रंग चढवला. ब्रॅटन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९३९ साली ही पद्धत पक्की करून प्रसिद्ध केली. आम्ल घातलेल्या द्रावणात सोडियम नायट्राइट मिसळायचे, म्हणजे औषधाच्या रेणूचे एक टोक जोडणीला तयार होते. उरलेले नायट्राइट नष्ट करायचे. मग दुसरे एक रसायन घालायचे. दोन्ही रेणू जोडले जातात आणि पाण्यासारखा द्रव गुलाबी-जांभळा होतो. औषध जितके, तितका रंग गडद. हा द्रव हिरवा प्रकाश गिळतो, म्हणून हिरवा प्रकाश सोडून तो किती गिळला गेला ते मोजायचे आणि ठाऊक असलेल्या द्रावणाशी ताडून पाहायचे. ज्या रंगरसायनाच्या विद्येतून प्रोंटोसिल जन्मले, तिचीच ही किमया. शरीराने औषधाचा जो रंगीत झगा उतरवला होता, तो मोजणीसाठी परत चढवला गेला.

रक्तासाठी शोधलेली ही युक्ती गोळ्यांनाही लागू पडली. गोळी कुटा, विरघळवा, गाळा, रंग चढवा, प्रकाश सोडा. खडू रंगणार नाही, औषध रंगेल. अम्मीच्या प्रश्नाचे पहिले नेमके उत्तर मला इथे सापडले.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी मला याचा सोपा नमुना दाखवला. ॲस्पिरिनची गोळी कुटून कॉस्टिक सोड्यात उकळली, थंड करून आम्ल घातले आणि फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. द्रव जांभळा झाला. अर्ध्या गोळीचा फिका जांभळा, पूर्ण गोळीचा गडद. नववीची मुले टाळ्या वाजवू लागली. मलाही राहवले नाही.

न दिसणारा रंग

प्रत्येक औषधाला असा रंग चढवणे कटकटीचे होते. १९४१ साली अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांच्या कंपनीने नवे यंत्र बाजारात आणले. ते आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही मोजत असे. आपल्याला पांढरी दिसणारी कितीतरी औषधे या प्रकाशात ‘रंगीत’ असतात, म्हणजे त्यातला ठरावीक भाग गिळतात. अ जीवनसत्त्व मोजायला पूर्वी उंदरांना खाऊ घालून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. नव्या यंत्रावर ते काम मिनिटांत होऊ लागले.

आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी अशीच तपासता येते. सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळवून, अनेकदा पातळ करून, २५७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ती ठेवतात. पातळ किती करतात? शेवटच्या द्रावणात एका मिलिलिटरला मिलिग्रॅमचा शंभरावा भागही औषध नसते, तरी यंत्र ते पकडते. छापील माप ५०० मिलिग्रॅम असेल तर आत ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम सापडले पाहिजे. त्याबाहेर गेली तर ती गोळी नापास.

आपल्या दारात

हिंदुस्थानात तेव्हा काय होते? बरीचशी औषधे परदेशातून येत, आणि इथला बाजार निकृष्ट मालाचा उकिरडा झाल्याची ओरड होती. सर्वांत जास्त बोभाटा मलेरियावरच्या क्विनाइनचा. सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. तिने १९३१ साली अहवाल दिला: कायदा हवा, तपासनीस हवेत आणि प्रयोगशाळा हव्यात. कायदा यायला १९४० साल उजाडले. तोच आजचा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. स्वतंत्र भारताची पहिली औषधसंहिता १९५५ साली निघाली.

याच दशकात, १९३५ साली, अलीगढचे ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत एक कंपनी काढली. बर्लिनहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस. कंपनीच्या नावात केमिकल, इंडस्ट्रियल, फार्मास्युटिकल आणि शेवटी ‘लॅबोरेटरीज’. याचेच पुढे ‘सिप्ला’ झाले. १९३९ साली गांधीजी ती पाहायला आले होते. पूर्वजांच्या नावाचे संदेश पुढे ढकलण्यापेक्षा, पूर्वजांचे काम पुढे नेणे म्हणजे काय, हे मी मुलांना सांगतो तेव्हा हमीदसाहेबांचे नाव घेतो.

पण गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. १९३७ चेच विष. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतला हलगर्जीपणा चव्हाट्यावर मांडला. २०२२ साली आफ्रिकेतल्या गाम्बियात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. कित्येक लेकरांचे जीव गेले होते आणि विष पुन्हा त्याच जातीचे होते.

इथे रंगाची तपासणी का कामी आली नसती, हे समजून घ्यायला हवे. १९३७ च्या त्या बाटलीत सल्फानिलामाइड किती आहे असे मार्शल यांच्या पद्धतीने विचारले असते, तर उत्तर आले असते: आहे, भरपूर आहे. ते खरेही असते. मारले ते दुसऱ्याच द्रवाने, आणि त्याच्याविषयी कोणी विचारलेच नव्हते. साक्षीदार खोटे बोलत नाही, पण तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. म्हणून आज प्रकाशाच्या जोडीला घटक वेगवेगळे करून मोजणारी यंत्रेही वापरतात. तरी प्रश्न विचारणारा माणूसच लागतो, आणि तो विकला न गेलेला माणूस लागतो. मुहतसिबाच्या काळातही अडचण हीच होती.

अम्मीला उत्तर

शोधता शोधता मला त्याच १९४०च्या कायद्यातले २६ वे कलम सापडले. कोणीही माणूस, आपण विकत घेतलेले औषध, ठरलेला अर्ज आणि शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि त्याचा सही केलेला अहवाल मिळवू शकतो. ग्राहक संस्थेलाही हा हक्क आहे. मी बी.एड. झालेला, वीस वर्षे शिकवणारा माणूस, मला हे माहीत नव्हते. तुमच्यापैकी किती जणांना होते?

आपल्या मोहल्ल्यांत औषधाविषयी दोन टोके दिसतात. एक तर डोळे मिटून भरवसा, नाहीतर ‘सब नकली है’ म्हणून गोळीच सोडून देणे. दोन्हींत नुकसान आपलेच. स्वस्त गोळी म्हणजे खोटी गोळी असे नाही, महाग म्हणजे खरी असेही नाही. त्यामधला रस्ता पारखण्याचा आहे. पावती घ्या, पाकिटावरचा बॅच क्रमांक जपून ठेवा, शंका आली तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. मशिदीच्या, मदरशाच्या, शाळेच्या कमिट्या पाण्याच्या टाक्या आणि स्पीकर घेतात. एखादी कमिटी वर्षातून चार औषधे तपासून घेण्याचा खर्चही उचलू शकेल.

हे सगळे मी अम्मीला आपल्या परीने सांगितले. सरबताचा जग, जांभळा पेला, २६ वे कलम. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग पाण्याचा घोट घेऊन गोळी गिळली आणि म्हणाली, "मतलब पूछ सकते हैं. तो पूछते क्यूं नहीं?"